आईनं पूजलेला कॅमेरा

झूम नसलेला कॅमेरा घ्यायचं मी ठरवलं, तेव्हा घरातून पहिला प्रश्न आला तो असा: "म्हणजे लांबचं काही दिसणारच नाही त्यातनं? मग घेतेस कशाला? आपल्याकडं जवळचं काय आहे एवढं बघण्यासारखं?"

प्रश्न आईचा. घरात आम्ही दोघीच होतो. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझं लग्न झालं नव्हतं आणि ते आता होणार नाही, यावर भांडून भांडून आमचं एकमत झालं होतं. आजोबा भिक्षुकी करायचे, वडील कचेरीत कारकून होते आणि मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढत होते. पुंडलिकनगरातलं आमचं घर बैठं होतं. आजूबाजूची बैठी घरं एकेक करून पाडली जात होती आणि त्यांच्या जागी तीन मजली फ्लॅट उभे राहत होते.

भांडण हा आमचा रोजचा कारभार होता. आई पहाटे उठून भांडी आपटायची, मी अंथरुणातून ओरडायची, ती स्वयंपाकघरातून दुप्पट आवाजात उत्तर द्यायची, आणि चहा होईपर्यंत सगळं मिटलेलं असायचं. शेजारणींना सुरुवातीला काळजी वाटायची. पुढंपुढं त्या म्हणायला लागल्या, तुमच्या घरातून आवाज आला नाही की चुकल्यासारखं होतं. माझं डोकं भडक आहे आणि ते मी आईकडूनच घेतलं आहे. दोघींनाही राग पोटात ठेवायची सवय नव्हती.

झूम का नको, हे आईला पटवणं शक्य नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही ते नीट सांगता येत नव्हतं. ऑफिसचा एक कॅमेरा होता, भलामोठा, लांब नळीचा. शहराबाहेर करमाडच्या बाजूला तेव्हा शेतं मोडून प्लॉट पाडले जात होते. भेगाळलेल्या काळ्या जमिनीवर चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा, मधोमध रंगीत झेंडे आणि हसऱ्या कुटुंबाचा फलक. मी जालना रोडवर ऑफिसच्या गाडीतून खाली न उतरता, काच खाली करून, तिथूनच सगळं जवळ ओढून घ्यायची आणि ऑफिसात जाऊन रो-हाऊसचे नकाशे काढायची. नकाशात बगीचा असायचा, बगीच्यात कारंजं असायचं. आई एकदा माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "कारंजं? आणि पाणी कुठनं आणणार, तुझ्या डोळ्यांतनं?" तेव्हा गावोगाव टँकर फिरत होते. एक दिवस माझ्या लक्षात आलं, की इतक्या जमिनींचे नकाशे मी काढले, पण त्यातल्या एकाही जमिनीवर माझं पाऊल पडलेलं नाही. त्याच सुमारास पुण्याहून आलेल्या एका पाहुण्याच्या हातात साबणाच्या वडीएवढा काळा कॅमेरा पाहिला. तो म्हणाला, याला जवळ-लांब करता येत नाही, आपणच पुढंमागं व्हायचं. ते ऐकलं आणि मला तोच हवा झाला.

घ्यायला मात्र मी पूर्ण उन्हाळा लावला. भांडायला मला क्षण लागत नाही, पण वस्तू निवडायची म्हटली की मी वाण्याच्या दुकानात डाळ पारखावी तशी बसते. हा की तो, याची लेन्स किती, त्याचा आवाज किती, नवा कधी येणार, जुन्याचा भाव कधी उतरणार. आईनं हे सगळं बघून एवढंच म्हटलं, "एवढी चौकशी स्थळांची केली असतीस तर आज मी नातवंडं खेळवत असते." पैठण गेटच्या दुकानात गेले तर तिथला विक्रेता माझ्या गळ्यात मोठा झूमवालाच घालायला बघत होता. "मॅडम, चंद्रावरचे खड्डे दिसतात यातून," म्हणाला. मी म्हटलं, "मला चंद्रावर प्लॉट पाडायचे नाहीत." शेवटी त्यानं तो छोटा कॅमेरा मागवून घेतला. देताना त्याच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल दया होती.

मलाही काही दिवस माझी दयाच आली. बटण दाबलं की त्याची लेन्स घरघर करत पुढं यायची. बंद केलं की आत जायची आणि तिच्यावर दोन पातळ पापण्या मिटायच्या. एवढं एक कौतुक सोडलं तर पहिले फोटो बघवत नव्हते. शेतात उभा माणूस मुंगीएवढा. जवळ जावं तर नाक फुगलेलं आणि माणूस बावरलेला. रस्त्यावर कुणाच्या जवळ जाऊन उभं राहायचं म्हटलं की माझेच पाय मागं यायचे. लांबून ओढून घ्यायची सवय लागलेल्या माणसाला दोन पावलं पुढं जाणं किती अवघड असतं, हे मला तेव्हा कळलं.

एकच माणूस असा होता, की ज्याच्या नाकासमोर कॅमेरा धरला तरी त्याला फिकीर नव्हती. मग मी आईवरच हात बसवायला लागले. तांदूळ निवडताना, गव्हाला ऊन देताना, वाती वळताना. नळाला पाणी आठवड्यातून एखाद्या दिवशी यायचं, तेही कधी येईल याचा नेम नव्हता. त्या दिवशी घर म्हणजे युद्धभूमी. ड्रम, हंडे, पातेली, शेवटी वाट्यासुद्धा भरायच्या. अशा वेळी मी कॅमेरा घेऊन उभी राहिले की आईच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. "नळ आलाय आणि ही फोटो काढतीये! अगं बादली उचल, ते वाहून चाललंय लई!" त्या वेळचा एक फोटो आहे. आईच्या हातात भरलेली कळशी, पदर खोचलेला, तोंड सताड उघडं, आणि डोळे थेट माझ्यावर रोखलेले. फोटोतूनही ऐकू येतं. मला जमलेला तो पहिला फोटो.

आईला माझी म्हणून काही वेगळी वस्तू असते, हे मान्य नव्हतं. माझी पर्स उघडून ती आतलं सगळं लावून ठेवायची. माझ्या नकाशांच्या गुंडाळ्या तिच्या मनाप्रमाणे रचायची. मी ओरडायची, ती म्हणायची, "माझ्या घरात मी कशालाही हात लावीन." आणि लावायची. नवी कुठलीही वस्तू घरात आली, की तिला आधी हळदी-कुंकू. फ्रिजवर स्वस्तिक, गॅसवर स्वस्तिक, माझ्या स्कूटरच्या दिव्यावर स्वस्तिक. त्या काळात ऑफिसातल्या लोकांना माझी स्कूटर पार्किंगमध्ये लांबूनच ओळखू यायची.

मग दसरा आला. पावसानं पाठ फिरवली होती. झेंडूची फुलं सुकलेली आणि महाग होती, पण आईनं पाट मांडला. विळी, कात्री, वडिलांचं जुनं पेन, माझी मोजपट्टी, स्कूटरची किल्ली असं सगळं ओळीनं. मी न्हाऊन बाहेर आले तर त्या ओळीत माझा कॅमेरा होता आणि आई हरखून बसली होती.

"अगं, काय झालं माहितीये? मी नुसतं बोट लावलं आणि ते आपोआप बाहेर आलं! डोळाच उघडला बघ त्यानं. म्हटलं, चला, हे तर तयारच आहे."

उघडलेल्या त्या डोळ्याला तिनं हळद वाहिली, कुंकू वाहिलं, वर अक्षता. सणाच्या दिवशी, पूजेच्या पाटावर, मी काय करणार? मी कॅमेरा बंद केला. लेन्स घरघरली आणि जे काही तिच्या कडेला लागलेलं होतं ते घेऊन आत गेली. मी वरून पुसून घेतलं आणि विसरले.

काही दिवसांनी साइटवर गेले. आता मी गाडीतून उतरत होते, फक्कीच्या रेघांवर चालत होते. घरी येऊन फोटो बघितले, तर प्रत्येक फोटोत उजव्या कोपऱ्यात, आभाळात, एक धुरकट ठिपका. आभाळात ढग असते तर तो लपला असता. पण त्या वर्षी आभाळ पांढरंफटक होतं, आणि ठिपका तेवढा एकटा त्यात बसला होता. दुसऱ्या कॅमेऱ्याची लेन्स काढून आत फुंकर तरी मारता येते. माझी लेन्स कायमची बसवलेली. जे आत गेलं ते गेलं.

काय आत गेलं असणार, हे मला त्याच क्षणी कळलं. पारा चढला. मी ताडकन उठून स्वयंपाकघराकडं निघाले. तोंड उघडलेलंच होतं. आई मागच्या दारात शेजारणींना सांगत होती. "खोटं नाही सांगत, नुसतं बोट लावलं! देवानं डोळा उघडावा तसं. नाहीतर हिच्या वस्तू, हात लावला की अंगावर धावून येते. पण पूजा घ्यायला तो स्वतः बाहेर आला." शेजारणी हसत होत्या, आई त्यांच्याहून जास्त हसत होती. वडील गेल्यापासून ती भांडायची खूप, पण अशी रंगवून गोष्ट सांगताना मी तिला पाहिलं नव्हतं. मी दारातच थांबले. आलेले शब्द गिळले. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच.

ती आत आली आणि माझं तोंड बघून म्हणाली, "काय झालं गं?"

"काही नाही. कॅमेऱ्यात धूळ गेली."

त्या वर्षी सगळ्याचा दोष दुष्काळावरच जात होता. भाजी महागली, दुष्काळ. नळ नाही, दुष्काळ. खोकला, दुष्काळ. त्यात माझा ठिपकाही खपून गेला. मला वाटलं, मी फार समजूतदारपणा केला. त्या समजूतदारपणाचं मला काही दिवस कौतुकही वाटत होतं.

आईनं मात्र धुळीशी वैर धरलं. तिनं आपल्या जुन्या परकराच्या कापडाची एक पिशवी शिवली, आतून मऊ अस्तर लावलेली, वर ओढायची नाडी. कॅमेरा घरी आला की पहिल्यांदा त्या पिशवीत. भाज्या धुतलेलं पाणी साठवून त्यात फडकी भिजवायची आणि ती खिडक्यांच्या फटीत लावायची. मी म्हणायची, "अगं राहू दे." ती म्हणायची, "राहू कसं दे? एवढा उन्हाळाभर बघून घेतलास." माझ्या वस्तूबद्दल ती इतकी हळवी होईल, हे माझ्या गावीही नव्हतं. खरं काय ते तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण एकदा धूळ म्हटलं की रोज धूळच म्हणावं लागतं.

समोरचं बैठं घर पाडून तिथं बांधकाम सुरू होतं. सिमेंट, वाळू, दगडाची भुकटी, दिवसभर उडत असायची. एक दिवस मी ऑफिसातून आले तर गल्लीत गर्दी आणि मध्ये आई. समोर साइटचा सुपरवायझर, हात जोडून उभा.

"तुमच्या धुळीनं माझ्या मुलीचा कॅमेरा वाया गेला! कोण भरून देणार? तुम्ही?"

"आजी, उद्यापासून पाणी मारतो रस्त्यावर."

"पाणी मारतो? लोकांना प्यायला नाही आणि तू रस्त्यावर ओततो व्हय? जाळी लाव, जाळी!"

दुसऱ्या दिवशी हिरवी जाळी लागली. आई दारात उभी राहून ती लागताना बघत होती, कमरेवर हात ठेवून. मला म्हणाली, "बघ. बोलल्याशिवाय काही होत नाही." मी मान हलवली. मान हलवताना माझे कान गरम झाले होते.

ठिपका तर काढायलाच हवा होता. आईच मागं लागली. गुलमंडीला तिला वाती आणि कापूर घ्यायचा होता, म्हणून दुरुस्तीच्या दुकानातही ती माझ्याबरोबर आली. मी आढेवेढे घेतले, पण जास्त घेतले असते तर संशय आला असता. दुकानदार हसतमुख होता. त्यानं भिंग डोळ्याला लावलं, एकेक स्क्रू काढून बशीत ठेवला, आणि आत काडीला लावलेला कापूस फिरवला. कापूस बाहेर काढून आमच्यासमोर धरला. तो पिवळा होता.

"मॅडम, ये धूल नहीं है. हल्दी है. पूजा करे थे क्या इसकी?" आणि स्वतःच हसला. "दसरे के बाद आतेच हैं ऐसे."

त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. मीही हसल्यासारखं केलं. आई कापसाकडं बघत होती. कॅमेरा मिळाला तेव्हा तिनं पिशवी पुढं केली, मी त्यात ठेवला, नाडी तिनंच ओढली.

येताना स्कूटरवर ती मागं बसली होती. क्रांती चौकाच्या सिग्नलला थांबलो तेव्हा तिनं विचारलं.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासनं?"

"पहिल्यापासून."

सिग्नल सुटला. मग माझ्या खांद्यामागून, ओरडून नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मी त्या माणसाशी भांडले की गं. सगळ्या गल्लीसमोर."

मी वाट बघत होते की आता घरी गेल्यावर ती भडकेल. मला येड्यात काढलंस म्हणेल, भांडी आपटेल, मी उलटून बोलेन, आणि चहा होईल. तिनं चहा केला. माझा कप माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "एवढं सांगायला काय झालं होतं? रोज ओरडतेस, त्या दिवशीही ओरडली असतीस." तिच्या आनंदाला धक्का लागू नये म्हणून गप्प बसले, हे मी सांगितलं. ती "बरं" म्हणाली. ते "बरं" मला आजही आवडत नाही. आमच्या घरात ज्याच्यावर ओरडत नाहीत तो पाहुणा असतो. मी तिला काही महिने पाहुण्यासारखं सांभाळलं होतं, आणि ते तिला कळलं होतं.

त्यानंतर तिनं माझी पर्स उघडली नाही. नकाशांच्या गुंडाळ्या मी टाकीन तिथंच राहायला लागल्या. झाडताना ती माझ्या टेबलाच्या अलीकडं थांबायची. "तुझं काम तिथं पडलंय, मला काय कळतं त्यातलं," म्हणायची, तेही टोमणा म्हणून नाही. मुद्दाम मी ओला टॉवेल खाटेवर टाकला. तिनं तो उचलून वाळत घातला. सकाळची भांडी हळू वाजायला लागली. शेजारणींनी विचारलं, आईला बरं नाही का?

आणि गंमत बघा, याच काळात माझा हात बसला. किती पावलं पुढं जायचं, कुठं थांबायचं, हे मला कॅमेरा डोळ्याला न लावताच कळायला लागलं. करमाडच्या रिकाम्या प्लॉटवर खुर्ची टाकून बसलेला राखणदार, टँकरचा पाइप गळ्यात घेऊन उभी असलेली बाई, समोरच्या जाळीतून डोकावणारा गवंडी, सगळे मला जवळून मिळाले आणि कुणी बावरलं नाही. आभाळ स्वच्छ, ठिपका नाही. फक्त आई मिळेना. कॅमेरा काढला की ती म्हणायची, "मी मधे येतीये का?" आणि बाजूला सरकायची. नको, बस, तुझाच काढतेय म्हटलं, की पदर सारखा करायची, हात मांडीवर ठेवायची आणि रेशनकार्डाच्या फोटोसारखं समोर बघायची. ते सगळे फोटो मी ठेवलेत. एकातही तिचं तोंड उघडं नाही.

मला याचं फार वाईट वाटतं. दुसरा शब्द नाही त्याला.

पुढच्या वर्षीही पाऊस जेमतेमच होता. दसऱ्याला आईनं पाट मांडला. विळी, कात्री, पेन, किल्ली. मोजपट्टी नव्हती, कॅमेरा नव्हता. मी न्हाऊन आले, टेबलावरची मोजपट्टी घेतली, पिशवीतून कॅमेरा काढला आणि दोन्ही किल्लीशेजारी ठेवले. ती हळदीचं बोट तसंच धरून थांबली.

"लावू का?" तिनं मला विचारलं.

जिनं कधी न विचारता फ्रिज, गॅस, स्कूटर रंगवून ठेवली होती ती विचारत होती. मी बटण दाबलं. लेन्स घरघर करत बाहेर आली. मी म्हटलं, "लाव ना."

"नको गं. काचेला नको. आत जातं ते."

"जाऊ दे आत! लाव म्हणते ना! खराब झाला तर झाला, माझा कॅमेरा आहे!" मी ओरडले. पूर्ण आवाजात ओरडले, मागच्या दारापर्यंत ऐकू जाईल असं. आणि ओरडून थांबले. आता ती ओरडेल, पूजेच्या पाटावर आवाज चढवू नकोस म्हणेल, माझ्या घरात मी कशालाही हात लावीन नाहीतर लावणार नाही म्हणेल, याची वाट बघत थांबले.

तिनं हळदीचं बोट पदराला पुसलं. कॅमेऱ्याचं बटण शोधलं, आता ते तिला माहीत झालं होतं, ते दाबून लेन्स आत जाऊ दिली आणि पापण्या मिटलेल्या नीट बघून घेतल्या. तो उचलून पिशवीत ठेवला, नाडी ओढली. मग पिशवीच्या गाठीला हळदीचं एक बोट लावलं, कुंकवाचं एक लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं, आणि माझ्याकडं बघून विचारलं, "इथं लावलेलं चालेल ना?"

मी म्हटलं, चालेल.